भरल्या बोटीचं पाणी

"पाणी शिरतं तिथे दिसत नाही, आणि दिसतं तिथून शिरलेलं नसतं."

ओलकाकांचं हे बोलणं धक्क्यावरच्या लहानथोरांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की काकांनी घसा खाकरला की समोरचाच ते म्हणून मोकळा व्हायचा. काका रागवायचे नाहीत. "पाठ झालं ना? मग आता समजूनही घे," एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे. कुठेही हात लावला की "ओल आहे" असं सांगणारा माणूस, म्हणून ओलकाका. खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं, आणि तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाला होता.

पस्तीस वर्षं त्यांनी बोटींच्या कारखान्यात गळती शोधली. अंगाने काडी, म्हणून ऐन जवानीत मुकादमाने त्यांना पहिल्यांदा बोटीच्या तळात सरपटत पाठवलं, आणि मग सारं आयुष्य तिथेच गेलं. इंजिनाखाली, फळ्यांखाली, जिथे माणूस उताणाही होऊ शकत नाही आणि पालथाही, तिथे कोपरांवर पुढे सरकायचं आणि बोटांनी चाचपायचं. गुडघे त्या ओलीने खाल्ले. बोटांची टोकं सुरकुतली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. बायको होती तोवर ती रात्री त्या बोटांना तेल लावायची आणि म्हणायची, बोटी कोरड्या करता करता तुम्हीच भिजलात. ती गेली, कारखान्याने निरोपाचा हार घातला, आणि काका घरी येऊन जे झोपले ते जणू दोन वर्षं झोपलेच होते. कुणी बोलवायला आलं की दाराआडूनच सांगायचे, "माझं पाणी आटलं आता. दुसरा बघा."

पण पुतणी आली तेव्हा दार उघडावंच लागलं.

पुतणी म्हणजे थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. धक्क्यावर तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. बापामागे बापाची बारा जणांची मोटरबोट तीच चालवत होती. या काठावरून त्या काठावरच्या दवाखान्यात दिवसाला आठ फेऱ्या. नर्सबाया, पेशंट, पेशंटची माणसं. रस्त्याने वळसा घालून गेलं तर अडीच तास, बोटीने पंचवीस मिनिटं. तिचं घर त्या पंचवीस मिनिटांवर उभं होतं.

"काका, तीन आठवडे झाले, बोटीत पाणी येतंय," ती उंबऱ्यातच खाली बसली. "कापलेल्या डब्याने उपसते. पंप चालतो, तरी उपसते. हात खांद्यातून निखळून पडतील असं झालंय. परवा भरल्या फेरीत घोटाभर पाणी चढलं. एक नर्सबाई किंचाळली, दुसरीने तक्रार केली. बंदरखात्याच्या साहेबांनी परवाना अडकवून ठेवलाय. गुरुवारी सकाळी दहाला ते स्वतः येणार, बारा माणसं बसवून एक फेरी मारणार. तळात पाणी दिसलं तर बोट कायमची वर."

"आज वार कोणता?"

"सोमवार."

काकांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात होत्या, आणि तो कोपरा त्यांना फार लांब वाटत असावा.

"इंजिन कोणी बसवलंय?" त्यांनी विचारलं, आणि पुतणी उंबऱ्यावरची धूळ झाडायला लागली.

कारण इंजिन तिच्या नवऱ्याने बसवलं होतं. गेल्या महिन्यात जुनं इंजिन निकामी झालं, तेव्हा त्याने आपल्या वर्कशॉपमधलं डिझेल इंजिन दुरुस्त करून बोटीत घातलं. माणूस शांत आणि हाताचा पक्का. पण काकांचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. दोघांनाही आपल्या हातांचा गर्व होता, एवढंच कारण पुरेसं असतं.

मंगळवारी बोट रॅम्पवर ओढली. काकांनी तळातलं पाणी पुसून काढलं, मग नळी लावून आतच पाणी भरलं आणि बाहेरून, बोटीखाली आडवे होऊन, कुठे थेंब येतो ते बघत राहिले. ही त्यांची जुनी तऱ्हा. आत शिरणारं पाणी दिसत नसेल, तर आतलं बाहेर येताना बघायचं. सगळी बोट कोरडी. फक्त एका जागी, पंख्याचा शाफ्ट बोटीतून बाहेर येतो तिथल्या सांध्यापाशी, म्हणजे ग्लँडपाशी, थेंब जमायचा, थांबायचा, आणि पडायचा.

"जावईबापू," काका बोटीखालूनच म्हणाले, "तुमची ग्लँड गळतेय."

नवरा पान्हा पुसत उभा होता. "ती गळायलाच हवी, काका. मिनिटाला चार थेंब. त्या पाण्यानेच शाफ्ट थंड राहतो. तुम्हाला मी काय सांगणार!"

"चार थेंब सांगता. मी सात मोजले."

"सात म्हणा. सात थेंबांनी घोटाभर पाणी होतं?"

काकांनी त्याच्या हातातला पान्हा घेतला, आत शिरले आणि ग्लँडचे नट अशा ताकदीने आवळले की त्यांच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. थेंब थांबला.

बुधवारी सकाळी बोट पुन्हा पाण्यात सोडली. काकांनी तळ कापडाने कोरडा केला, खडूची पूड चाळणीने सगळीकडे पेरली, आणि मग त्यांचा नेहमीचा हुकूम सुटला, "उतरा सगळे. माझ्याशिवाय इथे कुणी थांबायचं नाही."

हा त्यांचा नियम दगडावरची रेघ होता. माणसं आली की बोट हलते, हलली की पाणी इकडचं तिकडे पळतं, आणि पळतं पाणी कुठून आलं ते सांगत नाही. बोटीला एकटी ठेवा, ती आपणहून बोलेल. पस्तीस वर्षं बोटी त्यांच्याशी अशाच बोलल्या होत्या. धक्क्यावरचे हमाल आणि तिकीटवाली दुपारचा डबा नेहमी या बोटीच्या मागच्या बाकांवर खायचे, कारण सबंध धक्क्यावर तिथल्या ताडपत्रीइतकी सावली कुठेच नव्हती. त्यांनाही काकांनी हाकललं. बिचारे क्रेनच्या खांबाच्या बोटभर सावलीत उभ्या उभ्या जेवले.

दुपार झाली. खडूची पूड पिठासारखी पांढरी. कुठे टिपूस नाही.

"झालं," काका उठले. "उभ्या बोटीत पाणी येत नाही, चालत्या बोटीत येतं. चालत्या बोटीत फिरतं काय? शाफ्ट. तो बसवला कोणी?"

हे त्यांनी हळू म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण काका थकले होते, आणि थकलेल्या माणसाचा आवाज त्याच्या ताब्यात राहत नाही. सगळ्या धक्क्याने ऐकलं.

नवऱ्याने पान्हा बाकावर ठेवला, फेकला नाही. ठेवण्याचाही आवाज झाला. "इतकी आवळलेली ग्लँड घेऊन फेरी मारलीत तर अर्ध्या वाटेत शाफ्ट तापेल," तो म्हणाला. "मग पाणी येणार नाही, बोटच येणार नाही." पुतणीकडे त्याने बघितलं नाही. तो निघून गेला. संध्याकाळी जेवायला आला नाही. वर्कशॉपमधून निरोप आला, "काम आहे."

पुतणीने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकली. उद्या दहाला साहेब. काकांचं खरं मानलं तर नवरा खोटा. नवऱ्याचं खरं मानलं तर बोट अजून गळतीच आहे. कुठल्याही बाजूने बेरीज केली तरी उत्तर बुडण्याचंच.

तेवढ्यात तिकीटवालीचा फोन आला. साहेबांच्या ऑफिसात कसली तरी बैठक निघाली, आता शुक्रवारी येतील. एक दिवस मिळाला. पुतणीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला वाटलं, आणखी एक दिवस उभं राहायचं आलं.

गुरुवारी सकाळी ती धक्क्यावर पोचली तर काका आधीच बोटीत. गुडघ्यांवर जुनं पोतं टाकून इंजिनाशेजारी बसलेले. तिने वाकून पाहिलं, तर ग्लँडचे नट सैल केलेले. होते तेवढे, बरोबर नवऱ्याने ठेवले होते तेवढेच. थेंब जमत होता, थांबत होता, पडत होता.

"काका?"

"सात थेंबांनी घोटाभर पाणी होत नाही," काका खाली बघत म्हणाले. "हे मला मंगळवारीच माहीत होतं."

तिला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या डोळ्यांखालची सूज, हाताला बसलेली खडूची पांढरी पुटं, आणि ते पोतं बघून राग वर चढेचना. ती त्यांच्यासमोर बसली. दोघांनी मिळून पुन्हा तळ पुसला, पुन्हा पूड चाळली. काकांनी खिडकीच्या चौकटी तपासल्या, मागच्या फळीचे स्क्रू एकेक करून तपासले, बुचाचं रबर काढून दातांनी चावून बघितलं. ग्लँडच्या त्या थेंबांखेरीज कुठे काही नाही. ऊन चढलं. बोट पाण्यावर शांत उभी, कोरडी ठाक, जणू तिने कधी पाणी पाहिलंच नव्हतं.

बाराच्या सुमारास पुतणीची आई डबा घेऊन आली. मागोमाग तिकीटवाली आणि चार हमाल, डबे हातात धरून, पण बोटीपासून चार पावलं दूर. कालची हकालपट्टी त्यांच्या लक्षात होती.

"काका, आजही खांबाखालीच का?" तिकीटवालीने विचारलं. "काल माझ्या अर्ध्याच डोक्याला सावली मिळाली. अर्धं डोकं अजून दुखतंय."

काकांनी मान वर केली. हुकूम ओठांपर्यंत आला असणार, पण उच्चारायला लागणारी ताकद आली नाही.

"या," ते म्हणाले. "बसा सगळे. बुडवायची तर बुडवा."

"मी पण?" हे विचारणारा हमाल इतका आडदांड होता की त्याला सगळे गोदाम म्हणत.

"तू दोनदा बस."

हसत हसत सगळे मागच्या ताडपत्रीखाली बसले. आईने डबा उघडला आणि दिराकडे बघितलं. "भाऊजी, चार दिवसांत अर्धे झालात. आणि जावयाला तर तुम्ही पुराच गिळलात."

"वहिनी, जेवताना नको."

"मग केव्हा? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि वर म्हणायचं जेवताना नको!"

"चोर सापडला असता तर—"

काका थांबले. तोंडापाशी नेलेला घास तसाच राहिला.

तळातून आवाज येत होता. फार बारीक. मोठी माणसं भांडत असताना लेकरू मागे बसून दूध पितं तसा, गुळगुळ, गुळगुळ. पुतणीने वाकून फळी उचलली. पंपाच्या पायथ्याशी खडूची पूड काळी पडली होती. ती बघता बघता तो काळा डाग तळहाताएवढा झाला, ताटाएवढा झाला. मग पंपाचा तरंगता फ्लोट वर उचलला गेला, पंप घरघरला, पाणी बाहेर फेकलं, बंद पडला. क्षणभर शांत. आणि पुन्हा गुळगुळ.

"पंपातून येतंय," पुतणी म्हणाली. स्वतःच्याच बोलण्यावर तिचा विश्वास बसेना. "काका, पंपातूनच!"

काका बाकावर पालथे झाले, मान बोटीबाहेर काढली आणि मागच्या कडेला बघितलं. पंपाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते पाइपचं तोंड पाण्याखाली गेलं होतं. दोन बोटं खाली.

"गोदाम, ऊठ. धक्क्यावर जा."

"काका, घास तरी—"

"घास घेऊन जा!"

गोदाम उतरला. पाइपचं तोंड पाण्याच्या रेषेवर आलं. "आता तू उतर. तू पण. वहिनी, तुम्हीही." सगळे उतरले. तोंड बोटभर वर आलं, हवेत, निर्मळ, निष्पाप. आतली गुळगुळ थांबली.

"बसा परत."

बसले. तोंड बुडलं. गुळगुळ सुरू.

"उठा."

"काका," तिकीटवाली डबा छातीशी धरून म्हणाली, "शाळेत गृहपाठ केला नाही तेव्हाही मी इतक्या उठाबशा काढल्या नव्हत्या."

तीनदा बसवलं, तीनदा उठवलं. मग काकांनी हात हलवून पुरे म्हटलं आणि ते तळातल्या ओल्या पुडीकडे बघत राहिले. पुतणीलाही आता सगळं उमगलं होतं. नवं इंजिन जुन्यापेक्षा दोन माणसांएवढं जड, म्हणून बोट मागून खाली बसली होती. त्यात बाकं मागे, सावली मागे, माणसं मागे. पाइप तळातून सरळ आडवा बाहेर गेलेला. तोंड बुडलं की बाहेरचं पाणी त्याच वाटेने आत. पंप ते बाहेर फेकायचा, दमून थांबायचा, आणि पाणी पुन्हा यायचं. तीन आठवडे तो पंप आणि ती, दोघंही तेच ते पाणी उपसत होते.

"म्हणजे कुंपणच शेत खात होतं," आई म्हणाली.

"हो," काका म्हणाले.

पाइपच्या तोंडाचं ते भोक कोणी पाडलं होतं, हे आईला ठाऊक होतं, पुतणीलाही ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी, बाप जिवंत असताना, काकांनीच पंप आणून बसवला होता. पट्टी धरून, पाण्यापासून चार बोटं वर, पेन्सिलने खूण करून.

काकांनी उजव्या हाताची चार बोटं जुळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"रिकाम्या बोटीवर मोजली मी," ते म्हणाले. "सगळ्यांना उतरवलं होतं. माझ्या दादालाही उतरवलं होतं. त्याचीच बोट, आणि त्यालाच उतरवलं." मग म्हणाले, "आणि परवापासून पुन्हा तेच करत होतो. रिकामी बोट खरं बोलते म्हणे. ती माणसं न्यायला बांधली होती, आणि मी तिला माणसांसकट कधी विचारलंच नाही."

"काका, तेव्हा इंजिन हलकं होतं. तुमची चूक—"

"इंजिन जड झालं म्हणून भोक खाली आलं, हे बघणं कुणाचं काम होतं? त्याने इंजिन नीट बसवलं. मी त्याला धक्क्यावर उभं करून चोर म्हटलं." त्यांनी पोतं बाजूला सारलं आणि बाकाला धरून उठायला लागले. एक गुडघा उठला, दुसऱ्याला वेळ लागला. "ते भोक बुजवायचं. नवं पाडायचं हातभर वर, आणि पाइप आधी छताला लागेल इतका उंच नेऊन मग खाली आणायचा. काम दोन तासांचं आहे. पण ड्रिल मी धरणार नाही. तो धरेल."

"मी फोन करते. ते येतील इकडे."

"बोलावून घेऊन माफी मागतात होय कुणी?"

"मग मी येते बरोबर."

"तू कशाला? भोक तू पाडलंस?"

"भाऊजी, दोन घास तरी खाऊन जा," आई म्हणाली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"आल्यावर खाईन, वहिनी."

शुक्रवारी साहेब आले, बारा माणसं घेऊन बसले, त्यात गोदाम मुद्दाम सर्वांत मागे. अर्ध्या तासाने साहेबांनी स्वतः फळी उचलली, तळात बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली कोरडी खडूची पूड रुमालाला पुसली. परवाना परत मिळाला. ड्रिल नवऱ्याने धरलं होतं, आणि खूण कुठे करायची त्यावर दोघं पुन्हा भांडले होते, पण ते भांडण निराळं. ही सगळी पुढची गोष्ट. वर्कशॉपमध्ये त्या गुरुवारी दुपारी दोघं काय बोलले, ते मात्र कुणालाच कळलं नाही. पुतणीने नवऱ्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "चहा घेतला आम्ही."

त्या दुपारी तिने पाहिलं ते इतकंच. काका धक्क्यावर चढले. हातात काही नव्हतं. ऊन डोक्यावर, टोपी बोटीतच राहिलेली. रॅम्पलगतच्या पायऱ्या ते एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले, जसं लहान मूल चढतं. क्रेनच्या खांबापाशी थांबले, खांबाला हात टेकून उभे राहिले. पुतणीचं पाऊल आपोआप उचललं गेलं, तर आईने तिचं मनगट धरलं. दोघी बोटीच्या कडेला उभ्या, मागे तिकीटवाली, मागे चौघं हमाल, डबे उघडेच.

काकांनी खांब सोडला. जुन्या टायरांच्या ढिगाला वळसा घालून, पत्र्याच्या शेडच्या भिंतीलगत, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली टाकत ते वर्कशॉपच्या वाटेला लागले, आणि या सगळ्यांच्या नजरेआड होईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.